अक्षताला दिलेला नकार

टेंभुर्णी,
गुरुवार

आदरणीय बेबीताईस,
धाकट्या देवानंदचा सप्रेम जय भीम.

इकडे सगळे ठीक आहोत असं समज. माझा डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना मात्र गप्प असतो. तुझी कंबर आता कशी आहे? दाजींची साखर उतरली का, की अजून चहात चोरून घेतात? (घेत असतील तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नकोस.) तीन आठवडे झाले, तुझा फोन नाही. मीही केला नाही, कारण अक्षताने उचलला तर काय बोलावं ते सुचत नव्हतं. म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र अर्ध्यात कापता येत नाही.

जालन्याच्या रोबोट स्पर्धेत आमच्या प्रियदर्शनीने तुझ्या अक्षताला भर माइकवर नको म्हटलं, त्याचा खुलासा करायचा आहे. चूक पोरीची नाही, तिच्या बापाची आहे. शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असते, एवढ्याच कारणाने रोबोटचा मार्गदर्शक मी झालो. त्यातलं बॅटरीच्या पलीकडचं मला काही कळत नाही. पण वागण्यातलं कळतं. वागणुकीलाही गुण असतात असं ऐकल्यावर मी पाचही पोरांची पंधरा दिवस तालीम घेतली. मोठं माणूस आलं की उठायचं, हरलो तरी हात मिळवायचा, आणि कोणी काही देऊ केलं तर पहिल्या झटक्यात हात पुढे करायचा नाही. आधी नको म्हणायचं, समोरच्याने आग्रह केला की मग घ्यायचं. आईने आपल्याला हेच शिकवलं ना? (तुझ्या सासरी पहिल्यांदा जेवायला आलो तेव्हा मी भजी नको म्हणालो आणि तुझ्या सासूबाई खरंच ताट घेऊन पुढे गेल्या, ते मी अजून विसरलेलो नाही.)

तर त्या दिवशी सकाळभर सगळे रोबोट चेंडू उचलून टोपलीत टाकत होते. दुपारी क्रमांक लागले. तुझी अक्षता पहिली, आम्ही पाचवे. पुढची रीत अशी, की वरच्या चार संघांचे कप्तान आपापला जोडीदार संघ निवडतात आणि मग जोड्यांचे सामने होतात. अक्षताने सगळ्यांत आधी आमचं नाव घेतलं. माझे डोळे भरून आले, खरं सांगतो. आमची कप्तान म्हणून प्रियदर्शनी पुढे गेली, माइक धरला आणि म्हणाली, "नको ताई, तुमी दुसऱ्या कुणाला घ्या." मी मागच्या खुर्चीत निवांत होतो. आता अक्षता आग्रह करील, ही जरा लाजेल, मग हो म्हणेल. तेवढ्यात पंचांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि अक्षताला दुसरं नाव विचारलं.

नियमच असा निघाला, की एकदा दिलेला नकार कायमचा. त्या संघाला पुन्हा कोणीही विचारायचं नाही, तो स्वतः कप्तान झाला तरच खेळायचा. मी (गुडघ्यासकट) पंचांकडे गेलो आणि आमच्याकडे पहिलं नको धरत नसतात हे समजावून सांगितलं. विशीतला पोरगा होता. म्हणाला, "काका, नियमात आग्रह न्हाई." तुला कोणी नातेवाईक आहेत की नाहीत, असं मी त्याला विचारलं. तेव्हा प्रियदर्शनीने मला बाहीला धरून जागेवर आणून बसवलं. अक्षताचा चेहरा मला पाहवला नाही.

मग तिने दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला घेतलं. ते कप्तानकीतून गेले, म्हणून खालचे सगळे एकेक पायरी वर सरकले आणि पाचवे होतो ते आम्ही चौथे कप्तान होऊन बसलो. आमच्या पोरीने बाराव्या क्रमांकाचा, जाफराबादचा रोबोट निवडला. तो एकदा उभा राहिला की कोणाच्याने हलत नाही. मला वाटलं, दया आली असेल. आता पहिल्याची गाठ चौथ्याशी, म्हणजे आमच्यासमोर अक्षताच.

सामन्याआधी आमची एक मोटर जळाली. वास ओळखीचा, प्रयोगशाळेतला, म्हणून मला आधी बरंच वाटलं. कोणी काही मागायच्या आत अक्षता स्वतःची जादा मोटर घेऊन आली, न बोलता बसवून दिली आणि गेली. त्याच मोटरवर आम्ही तिला चार गुणांनी हरवलं. जाफराबादवाला तिच्या टोपलीपुढे म्हशीसारखा उभा राहिला होता. अंतिम सामना आम्ही हरलो ते बरं झालं. जिंकलो असतो तर पेढा घशाखाली उतरला नसता.

ताई, त्या दिवशी मला तुझ्या पोरीचा फार अभिमान वाटला. तिला एवढंच सांग, की तो अपमान नव्हता, आमचं वळण होतं. एका गच्चीवर पहिला रोबोट जोडलेल्या दोन बहिणी तीन आठवडे बोलत नाहीत, हे मला बघवत नाही. प्रियदर्शनी जेवतेसुद्धा मान खाली घालून. अक्षताचा रुसवा काढ, उन्हाळ्यात तिला इकडे पाठव.

तुझा लहान भाऊ,
देवानंद

ता. क. : ती मोटर अजून आमच्याच रोबोटात आहे. फेब्रुवारीत पुन्हा स्पर्धा आहे, तोवर राहू दिली तर बरं होईल. पत्र यासाठी लिहिलेलं नाही, पण लिहिलंच आहे तर विचारून घेतो.

आणखी एक ता. क. : शुद्धलेखन तपासायला पत्र प्रियदर्शनीकडे दिलं होतं. वाचून तिने पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, मी लाजून नको म्हणले न्हाई. मला नियम पाठ व्हता. ताई मंग दोन नंबरवाल्यालाच घेईल अन् आपण कप्तान होऊ, हे मी आधीच कागदावर मांडून बघितलं व्हतं. तिच्यासंग गेले असते तं सगळे म्हणले असते, तिनंच वढून नेलं." एकदा तिच्याविरुद्ध खेळून बघायचं होतं, म्हणाली. चाल बिलकुल बरोबर वाटत होती, ताई स्वतः मोटर घेऊन येईपर्यंत. या तीन आठवड्यांत अक्षताने सहा वेळा फोन केला म्हणे. हिनेच उचलला नाही, बोलायला तोंड नव्हतं म्हणून. आणि मी तुझ्या घरातला रुसवा काढायला निघालो होतो. पानं फाडणार होतो, पण ती म्हणाली, जाऊ द्या तसंच.

उद्या शेजारचा राधेश्याम तुमच्या अंबडच्या कोर्टात तारखेला येतो आहे, त्याच्या हाती पत्र देतो. रविवारी दुपारपर्यंत प्रियदर्शनी तुझ्याकडे पोचेल. एकटीच येते आहे. मी सोबत नको, असं तिने स्वच्छ सांगितलं आहे. जे बोलायचं ते तिला स्वतःच्या तोंडाने बोलायचं आहे. अक्षताला त्या दिवशी कुठं जाऊ देऊ नकोस.