नाकवाल्यांचं तेल

३ मार्च

गव्हात सोंडे! पोतं सोडलं तर काळे, सोंडवाले किडे तुरुतुरु बाहेर. खाली आमचं धान्याचं गोदाम, वर आम्ही राहतो — म्हणजे आता हे आमचे भाडेकरूच झाले.

नवरोबांचा तोडगा तयार. विषारी वायूच्या गोळ्या टाकायच्या, दोन रात्री माझ्या माहेरी काढायच्या आणि परत यायचं. मी म्हटलं, माडीच्या फळ्यांना बोटभर फटी आहेत, छोटी अजून रांगतेय, खाली काही उरलं आणि वर आलं तर? ते म्हणाले, "लसणासारखा वास येतो त्या वायूला. दिवसभर ती बाबांजवळच असते. त्यांच्या नाकातून सुटेल होय?"

सासऱ्यांचं नाक म्हणजे काय विचारता! जन्मभर फुलापानांची तेलं काढून अत्तरवाल्यांना पुरवली. बाजारात सगळे त्यांना नाकवाले म्हणतात. गेल्या वर्षीच्या तापानंतर भट्टी बंद केली, एवढंच.

ते ऐकत होते. एकदम म्हणाले, "गोळ्या नकोत. मला थोडे दिवस द्या, तेलाने बघतो." नवरोबा हसले — "अत्तर लावून मरणार का किडे? लग्नाला निघालेत?" मी मात्र लगेच हो म्हटलं. गोळ्या टळल्या की झालं.

५ मार्च

माडीवर काचेच्या बरण्यांची रांग. प्रत्येकीत मूठभर गहू, थोडे सोंडे, झाकणाला आतून कागदाचा तुकडा आणि त्यावर तेलाचे थेंब. लवंग, पुदिना, निलगिरी, लिंबू. एका बरणीत नुसता कोरा कागद.

"ही कशाला, बाबा?"

"ह्यातलेही मेले, तर तेलाचं कसलं श्रेय?"

वा! आणि बाटली नाकाजवळ नेतसुद्धा नाहीत. थेंब टाकतात आणि भिंग घेऊन किड्यांकडे बघत बसतात. काय हात बसलाय माणसाचा!

८ मार्च

लिंबातले जिवंत. पुदिन्यातले झिंगलेले. लवंगेतले उताणे! कोऱ्या कागदाचे मजेत.

११ मार्च

घरातलं लवंगेचं तेल संपलं. नवरोबांनी बाजारातून मोठी बाटली आणली — आता त्यांनाही चेव आलाय. बाबांनी कागदावर थेंब टाकला. सोंडे त्यावरून फिरायला निघाल्यासारखे गेले.

"भेसळ आहे. परत कर."

"अहो बाबा, वास तर झकास येतोय!"

"वास कोणीही आणेल रे. ह्यांना विचार."

तेलवाला आधी हुज्जत घालत होता म्हणे. "नाकवाल्यांनी सांगितलंय" म्हटल्यावर गुपचूप बाटली बदलून दिली. केवढा दरारा! मला हसू आवरेना.

१२ मार्च

गहू घट्ट झाकणाच्या पिंपांत भरला, झाकणांखाली तेलाचे बोळे टांगले. बाबा म्हणाले, हे तेल उडून जाणारं. उघड्यावर किडे चार दिवस रुसतील आणि परत येतील. म्हणून हवा कोंडायची. कमरेत वाकून एकेक झाकण स्वतः तपासलं त्यांनी. मला असं मन लावून काही करता आलं असतं तर!

२० मार्च

पिंपं उघडली. चाळणीत सोंडेच सोंडे, सगळे मेलेले! नवरोबांनी पुन्हापुन्हा चाळून बघितलं. मग म्हणाले, "बाबा, मानलं तुम्हाला." बाबा लहान मुलासारखे लाजले. "दाण्यांच्या आत अंडी असतील अजून. बोळे बदलत राहा."

गोळ्यांचा विषय संपला. शेजारीण दारातूनच म्हणाली, दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतंय. वाटू दे! अभिमानाने मला काय करू आणि काय नको असं झालंय.

२२ मार्च

दूध गॅसवर ठेवून गोदामात गेले आणि साफ विसरले. जिन्यातच करपल्याचा भपकारा आला. धावत वर गेले, तर बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी, गॅसकडे पाठ करून, छोटीला खेळवत बसलेले. निवांत.

"बाबा, वास नाही आला?"

त्यांनी मान खाली घातली. "तापानंतर कसलाच येत नाही. सांगू कुणाला? जन्मभर नाकवाले म्हणवून घेतलं." मग छोटीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "त्या गोळ्यांचा लसूण मला कळला नसता गं. आणि ही दिवसभर माझ्याच मांडीवर असते."