पलंग हलला की औषध बंद

डॉक्टरसाहेब धाकटे बंधू यांस,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. (साहेबही लिहिलंय आणि आशीर्वादही दिलेत, तुला सोसेल ते घे.) तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाब, गुडघे, पित्त, सगळं जागच्या जागी आहे ना? तुझ्या बायकोचा फोन आला होता. ती म्हणाली की तू सकाळी फिरून येतोस आणि आल्यावर घरातल्या सगळ्यांवर ओरडतोस. ऐकून जिवाला बरं वाटलं, म्हणजे प्रकृती उत्तम आहे.

इकडे खुशाली आहे, आणि ती पत्रात लिहायची म्हणून लिहिलेली नाही, खरोखरची आहे. तुझे दाजी घरी आले! काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतात, भाजीत मीठ कमी आहे एवढं सांगतात आणि परत जाऊन पडतात. मला इतका आनंद झालाय की मी मुद्दाम मीठ कमी घालते. म्हटलं हा आनंद कुणाला तरी कळवावा, आणि फोनवर तू दर वाक्याला “बरं बरं” म्हणून मला गुंडाळतोस, तर कागदच बरा. माझ्या शुद्धलेखनाला हसू नकोस. तू जन्मलास आणि तुझा पाळणा हलवायला कुणीतरी हवं होतं म्हणून माझी शाळा सुटली, तेव्हा यातले ऱ्हस्वदीर्घ तुझ्याच नावावर मांड.

तर झालं असं की दिवा गेला. मुलगा म्हणाला, संध्याकाळी आल्यावर लावतो. पण यांना संध्याकाळपर्यंत दम कुठला! स्टुलावर चढले, दिवा नीट लावला (लागला बरं का, अजून छान चालतो) आणि उतरताना स्टूल एकीकडे नि हे एकीकडे. खुब्याचं हाड मोडलं. नेलं तुझ्याच हॉस्पिटलात, जिथे तू आयुष्य काढलंस आणि जिथे अजून तुझा फोटो आहे. फोटोत तू अगदी देवमाणूस दिसतोस.

त्या हॉस्पिटलाला मी काही नवखी नाही. तू नवा डॉक्टर होतास तेव्हापासून तुझा डबा घेऊन येत होते. तेव्हा तुम्ही लोक चालता चालता औषधं बोलायचात आणि सिस्टर मागून पळत पळत ती ध्यानात ठेवायची. ती शिंकली की एक औषध गेलं. मग चिठ्ठ्या आल्या. तुझं अक्षर म्हणजे उसवलेली शिवण! खालचा औषधवाला तुझी चिठ्ठी उजेडाला धरायचा, आडवी करायचा, उलटी करायचा, आणि शेवटी कपाटात जे जास्त असेल ते द्यायचा. सांधे धरलेल्या त्या मास्तरीणबाईंना साखर उतरवायची गोळी गेली आणि त्या जिन्यात आडव्या झाल्या, आठवतं? तुला नसेल आठवत. त्यानंतर वरच्यांनी ठरवलं की आता डॉक्टरांनी हाताने लिहायचं नाही, कॉम्प्युटरवर लिहायचं. हिरव्या अक्षरांचा एक मोठा डबा तुझ्या वॉर्डात आणून ठेवला. धूळ बसू नये म्हणून त्याचा अभ्रा मी शिवला होता, झालर लावून. पुढे कितीतरी दिवस तिथे माझा अभ्राच तेवढा कामाला होता, आतलं यंत्र बसूनच होतं, कारण तुम्ही म्हणालात, आम्ही डॉक्टर आहोत, टायपिस्ट नाही.

मग सक्ती झाली. तर तुम्ही शिकाऊ डॉक्टरांना पुढे बसवलंत. ती बिचारी टाइप करायची, त्याचा कागद निघायचा, तो कागद वॉर्डबॉय खाली न्यायचा आणि खालचा औषधवाला तेच सगळं त्याच्या मशीनमध्ये पुन्हा टाइप करायचा, कारण वरच्या मशीनचं आणि खालच्या मशीनचं बोलणं नव्हतं. (आपल्या दोन आत्यांसारखं.) पुढे त्यांचं बोलणं सुरू झालं, तर मशीन सगळ्यांशीच बोलायला लागलं. हे औषध त्या औषधाला चालत नाही, टिंग. म्हाताऱ्याला जपून द्या, टिंग. इतकं टिंगटिंग की तुम्ही न वाचताच “हो” दाबायला शिकलात, सासूच्या बोलण्याला सून म्हणते तसं. आणि तो पासवर्ड! सारखा बदलायला लागायचा, म्हणून बायकोचं नाव झालं, मुलांची झाली, कुत्र्याचं झालं, मग तू माझं घातलंस. मी तेव्हा गावभर सांगितलं होतं की माझ्या भावाला माझी आठवण येते. आधी कुत्रा झालाय हे मला नंतर कळलं.

एवढं सगळं करून काय झालं, तर पूर्वी चूक वाचता येत नव्हती, आता ती छान छापील अक्षरात येते.

पण मी दाजींचं सांगत होते. ऑपरेशन सुरेख झालं. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं की दुखण्याचं इंजेक्शन लिहिलंय आणि रक्तात गाठ होऊ नये म्हणून दुसरं एक लिहिलंय, ते चुकवायचं नाही. मी दोन्ही हात जोडले. मग यांचा पलंग ऑपरेशनच्या बाजूच्या हॉलमधून वॉर्डात आणला. थोड्या वेळाने हे कण्हायला लागले. मी सिस्टरकडे गेले. ती पोरगी भली होती, स्क्रीनवर वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “आजी, यांच्या नावावर एकही औषध नाही.”

“अगं, आत्ता तर लिहिलंय म्हणाले ना डॉक्टर!”

“ते तिकडचं. जागा बदलली की तिकडच्या सगळ्या ऑर्डर आपोआप बंद होतात. इकडच्या डॉक्टरांनी नव्याने टाकायच्या.”

इकडचे डॉक्टर दुसऱ्या इमारतीत होते. ते आले, त्यांनी टाकल्या, आणि तेवढ्यात जागा हवी म्हणून यांचा पलंग पलीकडच्या वॉर्डात नेला. पुन्हा सगळं बंद! तिसऱ्यांदा पलंग हलवायला माणसं आली तेव्हा मी सरळ पलंगावर चढून यांच्या पायाशी बसले. म्हटलं, आता हलवा बघू. तर त्या मेल्यांनी आम्हा दोघांना ढकललं! मधल्या व्हरांड्यातून आमची वरात निघाली. हे कण्हत, मी शिव्या देत, आणि बाकावरची माणसं उठून वाट देत होती. लग्नानंतर आम्ही दोघं इतकं थाटात कुठे गेलोच नव्हतो.

तुला हसू येईल. मलाही आता येतं. पण त्यात एक गोष्ट होती. दुखणं ओरडतं, म्हणून त्याचं इंजेक्शन कुणीतरी धावपळ करून आणलं. रक्ताचं इंजेक्शन ओरडत नाही. ते दर वेळी बंद झालं आणि पुन्हा लिहायचं राहून गेलं. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मग यांची पोटरी सुजली, मग धाप लागली, मग ओठ निळे झाले आणि यांना अतिदक्षतेच्या काचेच्या खोलीत नेलं. मला बाहेर बसवलं. तिथे मी विनोद केले नाहीत.

आपली भिंगरी धावत आली. (माझ्या नातीचं बारशाचं नाव तू विसरला असशील, पण भिंगरी तर तूच ठेवलंस.) हॉस्पिटलचा हा नवा प्रोग्राम तिनेच केलाय, हे मी अख्ख्या आळीला पेढे वाटल्यासारखं सांगत फिरले होते. ती सिस्टरच्या मागे उभी राहून स्क्रीन बघत होती. मी म्हटलं, अगं तूच केलंयस ना हे, मग कर की चालू. तर म्हणाली, “आजी, इंजेक्शन दिसतंय. बंद झालेलं दिसतंय. चालू करायचा अधिकार मला नाही, डॉक्टरांना आहे.” स्वतः बांधलेल्या घराची किल्ली दुसऱ्याकडे, आणि आत आजोबा.

दाजी वाचले, ते काचेच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंमुळे. आणि भिंगरीला घरी बसवलंय. प्रोग्रामचा दोष म्हणतात, चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. पोरगी जेवत नाही. आजोबांच्या खोलीत जात नाही, दारातून डोकावते आणि परत फिरते. हे हाका मारतात, “अगं ये की, तुझ्या मशीनने मारलं नाही मला अजून!” त्यांना वाटतं ती हसेल.

तुझी बायको फोनवर म्हणाली की चौकशीत तुला जुने जाणकार म्हणून बोलावलंय, आणि तू घरात सांगत असतोस, मी तेव्हाच म्हणालो होतो, या डब्यांच्या नादी लागू नका. हो रे, म्हणाला होतास. पण आणखीही एक म्हणाला होतास. तू रिटायर व्हायच्या आधी, माझ्याच स्वयंपाकघरात, मी मटार सोलत होते तेव्हा. भिंगरी तुला विचारत होती की वॉर्डाचं काम कसं चालतं, तसा मी प्रोग्राम करते. तू टेबलावर मूठ आपटलीस (दाणे खाली सांडले, मीच वेचले) आणि म्हणालास, “पेशंट माझ्या दारातून आत आला की आधीच्याचं सगळं बंद. माझ्या वॉर्डात माझंच चालणार.” ती म्हणाली, आजोबा, तुम्ही नवं लिहीपर्यंत जुनं चालू राहू दे, निदान दुखण्याचं आणि रक्ताचं तरी. तर तू म्हणालास, “तू डॉक्टरकी शिकलीस की बटणं दाबायला?” तिने वहीत तसंच लिहून घेतलं. तुझ्या वॉर्डाचं ऐकून बाकीच्या वॉर्डांनीही तेच मागितलं.

तुझं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही. कागदाच्या काळात एकाच माणसाला दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवर तेच औषध दुप्पट गेलं होतं, त्याची धास्ती तू घेतली होतीस, ते मला ठाऊक आहे. म्हणून मी इतके दिवस काही बोलले नाही. आता बोलते आहे, कारण पोरगी अजूनही गप्पच आहे. तिने तुझं नाव कुठेही घेतलेलं नाही. म्हणते, मोठे आहेत.

असो. सुनेला, म्हणजे तुझ्या, आशीर्वाद. तिच्या मुलांना पापे. ओरडणं चालू ठेव, फुप्फुसांना चांगलं असतं.

तुझी, पाळणा हलवून हात दुखलेली,
ताई

ता. क. तुझ्याकडची ती चार पायांची काठी वापरात नसेल तर पाठवून दे. दाजींची एक पायाची आहे, ती स्टुलासारखी डळमळते. एवढ्याचसाठी पत्र लिहिलं, बाकी मजकूर सहज आला.

ता. क. हे म्हणतात, पत्र पाठवू नकोस, मेहुणा दुखावेल. मी म्हटलं, त्याला दुखलं तर लगेच इंजेक्शन मिळेल, तो कुठे पलंग बदलतोय.

ता. क. चौकशीला पेशंटच्या घरची म्हणून मलाही बोलावलंय, आणि तुझ्या आधी माझी पाळी आहे. मी त्यांना सांगणार आहे की माझा गुडघा धरलाय, मला थोडं बसू द्या, आधी माझ्या भावाला बोलू द्या. मटाराचं तू आपल्या तोंडाने सांग. मी मागच्या बाकावर बसून ऐकेन. तुझं बोलून झाल्यावर मला सांगायला काही उरलं नाही, तर मी उठून आनंदाने घरी जाईन.