द्वारकाबाईंचं कपाळ

३ सप्टेंबर
मुरूमला मूर्तिकाराकडं जाऊन आले. आजेसासूबाईंचा, द्वारकाबाईंचा पुतळा झकास झालाय! नजर अशी, की समोरच्यानं मान खाली घालावी. मुक्तिसंग्राम दिनाला चौकात बसवणार म्हणजे बसवणार. नाहीतर सरपंच कशाला झाले मी? फोटो एकही नाही, त्यामुळं चेहरा सासूबाईंच्या सांगण्यावरून घडवलाय. ठसठशीत कुंकू मात्र मी माझ्या मनानं रेखायला लावलं.

५ सप्टेंबर
सासूबाईंना मोबाइलवर पुतळा दाखवला. त्यांनी निरखून बघितला. मग म्हणाल्या, "आत्याबाईंच्या कपाळाला म्या कधी कुंकू बघितलं न्हाय."

"पण रझाकारांच्या वेळी आजेसासरे जिवंत होते की!"

"व्हते. तरी बी पुसलं."

मग सगळं सांगितलं. आजेसासरे महारुद्र निजामाच्या हद्दीपलीकडं, लढणाऱ्यांच्या कॅम्पात. तिथं काडतुसं पोचवायची, आणि वाटेवर रझाकारांचं नाकं. द्वारकाबाईंनी कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या आणि काखेत गाठोडं घेऊन रडत निघाल्या — नवरा मेलाय, माहेरी चालले! शोक करणाऱ्या बाईचं गाठोडं कोणी उघडलं नाही. काडतुसं पोचली.

महिनाभरात आजेसासरे चकमकीत गेले. घरच्यांनी, गावानं एकच धरलं — हिनंच आधी पुसलं, म्हणून तो गेला. मरेपर्यंत बाईंना नवऱ्याला खाल्लेली म्हणून कोणी कार्यात पुढं येऊ दिलं नाही.

माझं डोकंच सणकलं. काडतुसं गावाला चालली, मोकळं कपाळ चाललं नाही!

६ सप्टेंबर
मूर्तिकाराला फोन केला, कुंकू खरवडा. "मॅडम, बाईमाणसाचा पुतळा अन् कपाळ मोकळं?" होय, मोकळंच! त्याच कपाळानं काम केलंय.

सासूबाई भडकल्या. "तुजा नवरा तिकडं बार्डरवर हाय. घरात असलं काय करू नगंस!" त्यांचं रोजचंच आहे. मी बाहेर पडताना आधी माझं कपाळ बघणार. नुसती टिकली दिसली की स्वतः डबी आणून देणार, "कुंकू लाव." रणधीर फोनवर हसतो, लाव म्हणतो, आईच्या जिवाला बरं वाटतं. मीही लावते. पण पुतळ्याच्या बाबतीत ऐकणार नाही.

९ सप्टेंबर
अबोला. भाकरी मात्र गरम वाढतात.

१२ सप्टेंबर
रणधीरची चौकी आणखी पुढं गेलीय. फोन रोज लागेलच असं नाही म्हणाला. खरं सांगते, आज मलाही भीती वाटली. कुंकू दोनदा लावलं.
पुतळा तसाच राहील. माझी भीती द्वारकाबाईंच्या कपाळावर कशाला फासायची?

१५ सप्टेंबर
पुतळा आला. टेम्पोतून उतरवून ओसरीत ठेवला. सासूबाई आतून बाहेर आल्या, जवळ गेल्या, मोकळ्या कपाळावरून बोट फिरवलं.
"आत्याबाई अशाच दिसायच्या." मग खाली बसून ढसाढसा रडल्या. "माझ्या लग्नात कोपऱ्यात हुभ्या व्हत्या. म्या पाया पडाय निघाले तर बायांनी हात धरून मागं वढलं. म्या बी गेले मागं!"
मी जवळ बसले.

१७ सप्टेंबर
झेंड्याला निघायचं, आणि कुंकवाची डबी सापडेना. देवघर पाहिलं, फडताळ पाहिलं. रणधीरचा चार दिवस फोन नाही, आणि नेमकी आज डबी नाही! सासूबाई दारात उभ्या, मूठ पदराखाली. मूठ उघडली — डबी त्यांच्याकडंच होती. परत मिटली. माझ्या कपाळाकडं बघून म्हणाल्या,
"आज अशीच चल."