बेकरी कोणाच्या नावावर

दादा,

बेकरीची नोंदणी करताना तू माझ्या सह्या घेतल्यास. "नाव तुझं, डोकं माझं," म्हणालास. तीन वर्षं मी भट्टीपुढे भाजून निघाले आणि गल्ल्यावर तू बसलास.

कर चुकवल्याची नोटीस आली, तेव्हा मात्र साहेबांपुढे हात झटकलेस. "मालकीण ही, मी साधा नोकर," असा लेखी जबाब देऊन आलास. आईसुद्धा म्हणाली, "तुझं नाव आहे, तूच निस्तर."

निस्तरलं. दंड भरला आणि आज कुलूपही बदललं. वहिनीचे दिवस भरत आलेत, माहीत आहे मला.

हे पत्र मी टाकणार नाही. नोकराला पत्र कशाला? कामावरून काढल्याची नोटीस बेकरीच्या दारावर चिकटवली आहे, सकाळी वाचशीलच.

तुझ्याच लेखी जबाबानुसार,
मालकीण