अठ्ठाईनंतरची मोजणी

धुळे,
१७ सप्टेंबर २०२५

प्रिय पलक,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. तुझी कंबर आता दुखत नसेल. लोहाच्या गोळ्या जेवणानंतर घे. मेहरूणच्या तलावावर संध्याकाळी चालत जा.

मननला तुझी अस्थिमज्जा चढवल्याला आज एकोणीस दिवस झाले. पांढऱ्या पेशी अजून जवळजवळ शून्य. काचेपलीकडून म्हणाला, "पलकीची मज्जा तिच्यासारखीच आळशी दिसते गं." मला हसता आलं नाही.

तुझी मज्जा आमच्या प्रयोगशाळेत आली, त्या दिवसाचं तुला कोणी सांगितलं नसेल. नात्यातल्या माणसाची पिशवी मला हाताळू देत नाहीत. माझी सहकारी भूमिका काम करत होती, मी शेजारी उभी. तिने हाडाचे कण आणि चरबी गाळून काढली. तुमचे रक्तगट वेगळे, म्हणून तांबड्या पेशी वेगळ्या केल्या. मग मोजणी. मननच्या वजनाला किलोमागे निदान वीस कोटी पेशी हव्या होत्या. यंत्राने अकरा दाखवल्या. तिने परत मोजल्या, नंतर सूक्ष्मदर्शकाखाली हाताने. अकराच. थांबण्याची सोय नव्हती. औषधांनी मननची स्वतःची मज्जा आधीच मारली होती. तीच पिशवी त्याला चढवली.

डॉक्टरांनी बाहेर येऊन तुझ्या खाण्यापिण्याचं विचारलं, तेव्हा मम्मीने अभिमानाने सांगितलं, "पलकनं भावासाठी अठ्ठाई केली. आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. कालच पारणं झालं." डॉक्टर खुर्चीत बसले. त्या दिवसापासून पप्पा तुझ्याशी बोललेले नाहीत. मम्मी आता म्हणते, "कोणाला विचारायचं तरी."

तू विचारलं होतंस. उपासाच्या तिसऱ्या दिवशी, फोनवर. "जीजी, चालेल ना? तू नाही म्हणालीस तर सोडते."

मी म्हणाले, "उपासाने रक्तगट बदलत नाही."

वाक्य बरोबर होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मननची औषधं सुरू व्हायला तेव्हा एक दिवस बाकी होता. तारीख पुढे ढकलता आली असती. डॉक्टरांना कळवायला हवं, हे मला माहीत होतं. पण घरी तुझं कौतुक चाललं होतं, आणि मी तोंड उघडलं असतं तर "चार बुकं शिकली, धर्म विसरली" हे पुन्हा ऐकावं लागलं असतं. तेवढ्यासाठी.

पेशी उपासामुळेच कमी आल्या, हे मी सिद्ध करू शकत नाही. पप्पांनी मला विचारलं, "तुला माहीत होतं?" मी "नाही" म्हणाले. हे मात्र झालं आहे.

आज सकाळी त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "पलकला फोन लाव." तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र.

डॉक्टर तुझी मज्जा पुन्हा घ्यायचं म्हणताहेत. नकार द्यायचा तुला पूर्ण हक्क आहे. मननला जे कारण सांगायचं ते मी सांगेन, तुझं नाव न घेता.

संवत्सरीला सगळ्यांना पाठवतो त्या छापील क्षमापत्रात 'जाणता-अजाणता झालेल्या चुका' असं असतं. यंदा तुला ते पाठवायचं धाडस झालं नाही. आज पाठवते आहे, 'अजाणता' खोडून.

मिच्छामि दुक्कडम्.

चेलना