एका पोवळ्याचे दोन मालक

ती. लुइटगार्डताईस,

रोझिनेचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा दमा आटोक्यात असेल. (नसला तर त्यांच्या सिगार बंद कर, डॉक्टर बदलून काय होणार?) तुझी लेक एल्के कशी आहे हे मात्र मी विचारत नाही. तिच्यामुळे आमच्या घरात काय चाललंय ते कळवायलाच बसलेय. माझी शाळा किती झाली ते तुला ठाऊक आहे, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

शेतं नांगरून झाली आणि वर एक पाऊस पडला, की आमचे हे आणि औषधवाले युंगिंगर ढेकळं तुडवायला निघतात, हे तुला माहीत आहेच. बाकीचे पुरुष बिअर पितात, हे दोघं पोवळी वेचतात. डायनासोरच्या काळात आपल्या या डोंगरावर समुद्र होता म्हणे, त्यातली पोवळी दगड होऊन बसली. समुद्र गेला ते बरं झालं, नाहीतर ह्यांनी मासळीही घरात आणून ओतली असती. आणलेले दगड माझ्या कपडे धुवायच्या खोलीत आम्लाच्या बादलीत पडतात. भोवतीची चुनखडी विरघळते, पोवळं शिल्लक राहतं आणि माझा पितळी नळ हिरवा पडतो. मग दोघं भिंग घेऊन एकेका वाटीतले पडदे मोजतात. (पोवळ्याच्या अंगावर बारक्या वाट्या असतात, वाटीत उभे पडदे. वाटी केवढी, पडदे किती, यावरून जात ठरते. लोक जावईसुद्धा इतका पारखून घेत नाहीत.)

मागे दोघांना एकेक नवी जात सापडली. नव्या जातीला स्वतःचं नाव ठेवायचं नाही, असा या लोकांत रिवाज आहे. ठेवलं तर सगळे हसतात. म्हणून ह्यांनी आपल्या पोवळ्याला युंगिंगरांचं नाव दिलं आणि युंगिंगरांनी आपल्या पोवळ्याला ह्यांचं, म्हणजे ब्रॉयनिंग. तू माझी पाठ खाजव, मी तुझी! जिल्ह्याच्या मासिकात एकाच अंकात दोन्ही छापून आली. त्या दिवशी हेडविगने, म्हणजे युंगिंगरांच्या बायकोने, वाइन काढली, मी कांद्याचा केक केला, आणि दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. बादल्या तीस वर्षं मी धुतल्या, पण माझ्या नावाने पोवळंच काय, एक गोगलगायही नाही. असो. मला कुठे हवंय?

आता तुझी एल्के. पोवळ्यांवर मोठा प्रबंध लिहितेय, लिहू दे. पण तिला कुठल्याशा संग्रहालयात एक गड्डा सापडला, त्याच्या एका अंगाला युंगिंगर आणि दुसऱ्या अंगाला ब्रॉयनिंग! म्हणजे दोन्ही मिळून जात एकच. जिकडे गाळ जास्त बसला तिकडे वाट्या लहान राहिल्या, बस. आता एक नाव पुसायचं. दोन्ही एकाच दिवशी छापलेली, तेव्हा जो पहिल्यांदा त्यांना एक ठरवील तो म्हणेल ते टिकतं, असा नियम. म्हणजे एल्के म्हणेल ते. तिने गुपचूप एक पुसून टाकायचं की नाही? पण नाही, बाईसाहेबांनी मोठ्यांचा मान ठेवला. दोघांनाही पत्र पाठवून विचारलं, कुठलं ठेवू? असा मान ठेवण्यापेक्षा काच फोडली असती तर परवडलं असतं.

पहिल्या दिवशी दोघं साखरेत घोळल्यासारखे. युंगिंगर म्हणाले, “ब्रॉयनिंग, तुमचंच नाव राहू दे हो. मी आपला मागे, बारीक अक्षरात.” (ज्याने वर्णन लिहिलं त्याचं नाव मागे बारीक अक्षरात छापतात.) हे म्हणाले, “छे, छे, तुम्हीच पुढे राहा. बारीक अक्षर मला पुरे.” मग दोघांच्याही डोक्यात आलं, बारीक अक्षर वाचतं कोण? दुसऱ्या दिवशी दोघांनीही मत फिरवलं, जो तो आपलंच नाव मोठ्या अक्षरात मागू लागला, त्यामुळे भांडण होतं तिथेच राहिलं. हे म्हणाले, “तुमचं ते वर्णन! बाटलीवरची चिठ्ठी बरी, निदान दिवसातून तीनदा घ्या एवढं तरी कळतं.” ते म्हणाले, “आणि तुम्ही पडदे मोजलेत की डुलक्या घेतल्यात?” तेव्हापासून बोलणं बंद.

आता हे दिवसभर घरात. माझ्या काकडीच्या बरण्या आकाराप्रमाणे लावल्या, बटाट्यांचे तीन गट पाडले, जिना कसा झाडावा ते मला शिकवलं. झाडूच हातात दिला, तर पुन्हा बटाट्यांकडे वळले. पण ताई, काल पाऊस उघडला, शेतं धुऊन निघाली होती. ह्यांनी बूट चढवले, दारापर्यंत गेले, रस्त्याकडे बघत उभे राहिले आणि पुन्हा बूट काढले. मसुरीची आमटी अर्धी टाकली. हेडविग म्हणते, तिचाही तसाच बसलाय.

मला पोवळ्याचं काही पडलेलं नाही. एल्केने हवं ते ठेवावं. भावोजींना नमस्कार, एल्केला आशीर्वाद (देतेय, पण मनापासून नाही). गुडघ्याला शेक दे.

तुझी,
रोझिने

ता. क. एल्केला सांग, जुनी पुस्तकं नीट चाळ. शेदीडशे वर्षांपूर्वी कुणी मेलेल्या माणसाने याच पोवळ्याला आधीच नाव दिलेलं असेल, तर जुनं नाव टिकतं आणि ह्यांची दोन्ही पुसली जातात, असं हेच एकदा म्हणाले होते. तसा मेलेला शोधच म्हणावं. दोघं मिळून त्याला शिव्या देतील आणि शिव्या देत देत शेतावर जातील. पत्र खरं एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. हेडविग प्लमचा केक घेऊन आली होती. तिला वरचं वाचून दाखवलं. तीही म्हणते, मेलेलाच बरा. कुणावर अन्याय नको.

ता. क. ३. हेडविग गेली. मेलेला नाहीच सापडला तर ब्रॉयनिंग ठेव म्हणावं, मोठ्या अक्षरातलं. युंगिंगरांचं नाव दुकानावर तरी आहे. जाताना हेडविगने एल्केचा पत्ता मागून घेतला. कशाला ते ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. घराचा नंबर मी जरा चुकीचा सांगितला.