नव्या अल्बमवर माझी हरकत

२ मार्च, सकाळी ७.१५
आजपासून रोजनिशी. हौस म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. ज्या तक्रारीची नोंद नाही ती तक्रारच नव्हे, हे मी हाताखालच्या मुलींना शिकवलं आहे.

काल धाकट्या बहिणीकडे जेवायला होते. तिचा दिवटा, म्हणजे माझा भाचा (वय छत्तीस, व्यवसाय गिटार), यानं जाहीर केलं की त्यांच्या बँडचा चौथा अल्बम महिनाअखेर येतो आहे. बँडचं नाव 'ओले मोजे'. म्हणाला, या वेळी जरा मॅच्युअर काम आहे, मावशी.

मी चमचा खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही 'मध्येच बोलते' हे गाणं काढलंत. एक्स्चेंजमधली एक मावशी लोकांचे फोन चोरून ऐकते आणि मध्येच तोंड घालून त्यांना सल्ले देते. जग हसलं. दुसऱ्या अल्बममध्ये तीच मावशी दवाखान्यात, तिसऱ्यात छत्री घेऊन. आता चौथ्यात माझ्याबद्दल एक अक्षर आलं तर या घराची पायरी चढणार नाही.

भाचा म्हणाला, "बरं."

नुसतं बरं. वाद नाही, थट्टा नाही. जो चटकन 'बरं' म्हणतो त्याच्या पोटात काहीतरी असतं.

(मी कुणाचेही फोन ऐकलेले नाहीत. लाइन तपासताना जे कानावर पडेल ते पडेल. आणि लाइनवरच्या त्या बाईला मी सांगितलं नसतं तर तिनं त्या माणसाशी लग्न केलं असतं.)

५ मार्च
निश्चय: अल्बम ऐकायचा नाही. ऐकणं म्हणजे महत्त्व देणं.

चष्म्याच्या दुकानात नवा माणूस होता. मला ओळखलं नाही. उद्या कुणाकडून तरी वेडंवाकडं कळण्यापेक्षा मीच सांगून टाकलं की त्या गाण्यातली मावशी ती मी. म्हणाला, कुठलं गाणं. पहिली ओळ म्हणून दाखवावी लागली. या त्रासाची भरपाई कोण करणार?

९ मार्च, संध्याकाळी ५
भाचा गळका नळ दुरुस्त करायला आला. न बोलावता. म्हणजे गाण्यासाठी माल गोळा करायला. मी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं.

दहा मिनिटं पाळलं. मग वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचा विषय निघाला (मीच काढला, पण सहज). पुढचा पाऊण तास कसा गेला कळलं नाही. पूर्वी मी बोलू लागले की हा तिकिटाच्या मागे काहीतरी खरडायचा. आज नुसता ऐकत होता. मध्ये एकदा विचारलं, गुडघा कसा आहे.

लिहीत नाही म्हणजे रेकॉर्ड करतो आहे. तो हात धूत असताना त्याच्या कोटाचा खिसा पाहिला. एक कंगवा, आणि त्याच्या आईच्या औषधांची यादी, वेळांसकट, त्याच्या अक्षरात. मशीन सापडलं नाही. फार हुशार झाला आहे.

३० मार्च, सकाळी १०
अल्बम आला. नाव 'रिकामी खोली'. अकरा गाणी. ऐकणार नाही.

३० मार्च, सकाळी १०.२०
पुरावा गोळा करण्यासाठी एकदाच ऐकणार. हेडफोन मला नवे नाहीत. हा पोरगा जन्मायच्या आधीपासून माझ्या कानांवर आहेत.

३० मार्च, दुपारी
नोंदी:
गाणं पहिलं. कुरकुरणारी खुर्ची. संशयास्पद.
तिसरं. कुणीतरी खिडकीशी उभं राहून वाट बघतं. मी खिडकीशी उभी राहते. वाट बघत नाही, लक्ष ठेवते. पण कवीला तेवढा फरक कुठून कळणार?
चौथं. वडील गेल्यावर त्यांचे बूट कुणी घालायचे. हे माझ्या मेहुण्यांबद्दल. इथे हरकत नोंदवली नाही.
सहावं. शब्दच नाहीत. साडेचार मिनिटं चेलो (म्हणजे जाड आवाजाचं मोठं व्हायोलिन). हे सर्वांत वाईट. जे शब्दांत म्हणायची हिंमत नाही, ते असं काय आहे? दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर चेलो खाकरतो. हुबेहूब माझ्यासारखा.
सातव्यापासून अकराव्यापर्यंत समुद्र, तिकीट, आजारी बायको, पुन्हा समुद्र, आणि झोप. कुठेतरी लपवलं आहे. नीट लपवलं आहे.

अख्ख्या अल्बममध्ये एक विनोद नाही. ज्यांना नऊ वर्षं मोजे वाळवता आले नाहीत ते एकदम गंभीर कसे होतात?

२ एप्रिल
तटस्थ साक्षीदार हवा म्हणून वरच्या दंतवैद्यांना बोलावलं. त्यांना माणसाचं तोंड उघडलेलं पाहून आतलं ओळखायची सवय आहे. सहावं गाणं तीनदा ऐकवलं. दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर त्यांचा दंड धरून म्हटलं, हे बघा, हे. ते म्हणाले, बाई, हा चेलो आहे. मी म्हटलं, चेलो कुणासारखा आहे? ते म्हणाले, चेलोसारखा.

मग सगळी गाणी ऐकून म्हणाले, यात तुम्ही कुठेच नाही. अभिनंदन.

अभिनंदन कशाबद्दल हे त्यांना विचारायचं राहिलं. चहा न देताच पाठवलं. या माणसाचा आणि भाच्याचा काही संबंध आहे का हे बघायला हवं. भाचा आपले दात कुणाला दाखवतो?

६ एप्रिल, सकाळी
पेपरात परीक्षण. अर्धं पान. 'ओले मोजे या बँडनं अखेर मावशीला निरोप दिला आहे, आणि हीच त्यांची सांगीतिक प्रगल्भता.'

दोनदा वाचलं. नंतर भिंगातून वाचलं.

म्हणजे हे सुरांत नाही, तालात नाही. मी नाही, हीच प्रगल्भता. मी काय गोवर आहे, की अंगावरून गेले की मूल मोठं झालं?

६ एप्रिल, दुपारी
परीक्षकाला पत्र लिहिलं. सही 'एक जागरूक श्रोती'. संयमानं लिहिलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर सुपीरिअर म्हणायच्या, राग आला की अक्षर आणखी सुंदर काढावं. फारच सुंदर अक्षर आलं. विचारलं, मावशीत नेमकी काय खोट होती? तिच्यात जोम होता. ती गेल्यानं अल्बममध्ये एक पोकळी जाणवते, विशेषतः सहाव्या गाण्यात. मी केवळ संगीताच्या हितासाठी लिहिते आहे, त्या मावशीशी माझा वैयक्तिक संबंध नाही.

१५ एप्रिल
परीक्षकाचं उत्तर आलं. दोन ओळी. आभार मानले आहेत. पुढे लिहितात, ती व्यक्तिरेखा नेहमीच ओढूनताणून रचलेली वाटे. अशी बाई प्रत्यक्षात कुठे असेल असं वाटत नसे.

सिस्टर असंही म्हणायच्या की संशय हे पाप आहे. त्यांनी एक्स्चेंजमध्ये काम केलं नव्हतं. हे पत्र भाच्यानंच लिहवून घेतलं असणार.

१६ एप्रिल, सकाळी ११
भाच्याला फोन केला. फक्त वस्तुस्थिती स्पष्ट करायला. म्हटलं, त्या दिवशी जेवताना मी जे बोलले त्याचा कुणी टोकाचा अर्थ घेतला असेल तर तो माझा दोष नाही. सभ्य मर्यादेत, आधी मला दाखवून, एखादं कडवं असायला माझी तत्त्वतः हरकत नव्हती.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, नाही मावशी, तुझंच बरोबर होतं. आम्ही लहान होतो. हसायला मिळायचं म्हणून तुला त्रास दिला, नऊ वर्षं. सॉरी. आता नाही देणार, कधीच.

नऊ वर्षं मी याच माफीची वाट बघत होते. मागताना कसं बोलायचं, नाकारताना कसं बोलायचं, सगळं तयार होतं. मिळाल्यावर काय बोलायचं ते तयार नव्हतं. 'बरं' म्हणाले.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तो हसत नव्हता. आवाज खरा होता. त्याबाबतीत माझी चूक होत नाही.

१८ एप्रिल
बहिणीला सांगितलं, पायरी चढणार नाही म्हणाले होते ते मागे घेते. ती म्हणाली, अगं, पण त्यात तू नाहीयेस ना, मग चढ की. तिला काही समजत नाही. लहानपणापासून.

२७ एप्रिल, रात्री ११.३०
बँडचा कार्यक्रम. तपासणी म्हणून गेले. तिसरी रांग, कडेची खुर्ची.

कुणी हसलं नाही. चौथ्या गाण्याला बहिणीनं माझा हात धरला. मी धरू दिला. गाणं चांगलं आहे. हे कुणाला सांगायची गरज नाही.

शेवटी एक म्हातारे गृहस्थ मागून ओरडले, 'मध्येच बोलते' होऊ द्या. लोकांनी त्यांना गप्प केलं. मी वळून त्यांच्याकडे रागानं बघितलं. चांगल्या घरातले वाटले.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत गेलो. भाच्यानं चेलो वाजवणाऱ्या मुलीशी ओळख करून दिली. ही माझी मावशी. ती म्हणाली, नमस्कार. मी थांबले. तिनं आणखी काही म्हटलं नाही. म्हटलं, ती मावशी. तिनं विचारलं, कुठली?

वीस-बावीस वर्षांची असेल. तिचा काय दोष. तिला माहिती असावी एवढ्याचसाठी मी 'मध्येच बोलते' म्हणून दाखवलं. तिन्ही कडवी, दुसऱ्या कडव्यातल्या टाळीसकट. शाळेच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, दुसरा आवाज माझाच असे, त्यामुळे सूर लागला. तिनं चेलो केसमध्ये ठेवायचं थांबवून शेवटपर्यंत ऐकलं. दोनदा हसली. योग्य जागी.

म्हणाली, फार मजेशीर आहे. तुम्ही लिहिलंत का?

मी हो म्हणाले.

भाचा शेजारीच वायर गुंडाळत होता. त्यानं ऐकलं. हरकत घेतली नाही.